भीमथडी घोडा: घोडीची नोंद, वंशावळ आणि प्रदर्शन गावपातळीवर कसं उभं करायचं

२०२४च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी पशुधनाच्या आठ नव्या जाती नोंदवल्या. त्यांत महाराष्ट्राचा भीमथडी घोडा होता. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, भुतिया, स्पिती, झांस्करी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही देशातली आठवी मान्यताप्राप्त अश्वजात. ही मान्यता मोलाची आहे, पण तिच्याबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. ब्युरो जातीची नोंद करतो, तुमच्या दावणीच्या घोडीची करत नाही. ती घोडी कुणाच्या पोटची, तिला पैदाशीसाठी कुठला घोडा दाखवला (लावला), तिचं शिंगरू कुणाकडे गेलं, हे लिहून ठेवणारी वही आपल्यालाच उघडावी लागते. ती नसेल तर काही वर्षांनी जातीचं नाव यादीत राहील आणि रानात त्या जातीचं जनावर सापडणार नाही.

हा लेख घोडी सांभाळणारी धनगर कुटुंबं, गावातले अश्वप्रेमी, तरुण पशुवैद्यक आणि पशुपालकांच्या संस्था यांच्यासाठी आहे. कामाचा क्रम सांगतो. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच घ्या.

आधी जनावर समजून घ्या

भीमथडी म्हणजे भीमेच्या काठचा मुलूख. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात याच नावाचा तालुका होता. आजच्या दौंड-बारामतीकडचा भाग त्यात येई. कोकणच्या बंदरांतून अरबी आणि इतर परदेशी घोडे दख्खनच्या सुलतानांकडे येत राहिले. त्यांचं रक्त इथल्या काटक तट्टांत मिसळत गेलं आणि कमी चाऱ्यावर, दगडधोंड्यांतून लांब पल्ला मारणारं जनावर तयार झालं. म्हणजे मुळात ही संकरातूनच घडलेली जात. पिढ्यानुपिढ्या एकाच मुलखात, एकाच प्रकारच्या कामात राहिल्यामुळे तिचे गुण पक्के झाले. मराठ्यांच्या फौजा या घोड्यांवर दूरवर गेल्या. १८१८ नंतर शिलेदारी, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन केलेली फौजेतली चाकरी, संपली, घोड्याचं गिऱ्हाईक गेलं आणि ही जात टिकली ती धनगरांच्या बिऱ्हाडाखाली.

आजही पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी परत येतात. पहाटे वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, हलतो तेव्हा घोडीच्या पाठीवर आधी गोधड्या पडतात. त्यावर भांड्यांची पोती, मेंढरं कोंडायची वाघर, दोन्ही अंगांना कालपरवा जन्मलेली कोकरं आणि सगळ्यांत वर कोंबड्यांचं डालगं. दोर आवळणारी आणि घोडी पुढे काढणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते, कारण पुरुष मेंढरांबरोबर वेगळ्या वाटेने गेलेले असतात. शिंगरू मोकळं, आईच्या मागे. एवढं सगळं लादत असताना घोडी जागची हलत नाही. कुठलंही प्रदर्शन आखताना हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवा, कारण या जातीची खरी परीक्षा तिथेच होते.

धोका कुठून आहे तेही सांगतो. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातल्या घोड्या-तट्टांची संख्या सव्वासहा लाखांवरून सुमारे ३.४ लाखांवर आली, म्हणजे ४५ टक्क्यांहून अधिक घट. वाड्याचं सामान आता टेम्पोतून जाऊ लागलंय. आणि जी घोडी उरते तिला बाजारात उंच शिंगराला चांगला भाव येतो म्हणून मारवाडी घोडा दाखवला जातो. त्या कुटुंबाला दोष देऊन काही साधत नाही. भीमथडीच्या शिंगराला त्याच्या जातीमुळे भाव मिळेल अशी सोय उभी करणं हाच त्यावरचा उपाय, आणि नोंदणी व प्रदर्शनाचा सगळा खटाटोप त्यासाठीच.

पहिली पायरी: वही एकच असू द्या

सुरुवातीलाच नवी संस्था काढायची घाई करू नका. बारामती परिसरात या जातीसाठी काम झालेलं आहे. आधी तिथल्या मंडळींशी बोला. एका जातीच्या दोन नोंदवह्या झाल्या की दोन्हींची किंमत जाते, कारण घेणाऱ्याला कुठला कागद खरा हेच कळत नाही. तुमच्या तालुक्यात काम करायचं असेल तर त्याच नोंदवहीची शाखा म्हणून करा.

वेगळी संस्था लागलीच तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात आणि नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. त्या सातांत निदान चार जण प्रत्यक्ष घोड्या घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांतले असावेत आणि त्यांत बायका असाव्यात, असा माझा आग्रह आहे. हौशी मालकांच्या संस्था हळूहळू हौशी मालकांच्याच सोयीच्या होतात.

एका पशुवैद्यकाला सुरुवातीपासून सोबत घ्या आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राशी पत्रव्यवहार सुरू ठेवा. घोड्यांची रोगतपासणी आणि देशी अश्वजातींचा अभ्यास या दोन्हींसाठी देशातली मुख्य संस्था तीच. मारवाडी घोड्याचा नमुनाही डोळ्यांसमोर ठेवा. त्याची अधिकृत वंशावळ-नोंदणी संस्था २००९मध्ये झाली. तिथे घोडा जातीच्या मानकांशी ताडून पाहतात, अंगावरच्या खुणा आणि मापं उतरवतात, थंड डागणीने (अतिथंड केलेल्या ठशाने) क्रमांक देतात आणि फोटो काढतात. ही पद्धत आपल्याला जशीच्या तशी उचलता येईल. डागणीऐवजी अंगात बसवायची ओळख-चिप वापरली तर जनावराला त्रास कमी.

दुसरी पायरी: कोणती घोडी वहीत घ्यायची

ब्युरोने प्रसिद्ध केलेलं जातीचं वर्णन हाताशी ठेवा आणि त्यातली मापंच प्रमाण धरा. एकट्या रंगावरून काही ठरवू नका. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडत असतील तर मारवाडी किंवा काठियावाडी रक्त आलंय का ते विचारा. विचारताना पोलिसी सूर नको. "हिची आई कुठल्या वाड्यातली? कुठल्या घोड्यावर गेली होती?" एवढं विचारलं तरी म्हाताऱ्या बाया तीन-तीन पिढ्यांची हकीकत सांगतात. ती तिथल्या तिथे लिहा आणि जमलं तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. कागदपत्र नसलेल्या जातीची वंशावळ सध्या याच आठवणींत आहे, आणि त्या आठवणी सांगणारी माणसं वयाने थकली आहेत.

वहीचे तीन भाग करा. पहिल्यात दिसायला जातिवंत आणि आई-बापाची खात्रीलायक माहिती असलेली जनावरं. दुसऱ्यात दिसायला जातिवंत, पण वंश ठाऊक नसलेली. तिसऱ्यात उघड संकर झालेल्या घोड्या. दुसऱ्या-तिसऱ्या भागातल्या घोड्यांना हाकलून देऊ नका. तिसऱ्या भागातल्या घोडीला दर पिढीला पहिल्या भागातला घोडा दाखवत गेलात, तर तिच्या अंगी भीमथडी रक्त अजिबात नाही असं धरलं तरी लेकीत ते निम्मं येतं, नातीत ७५ टक्के, पणतीत ८७.५ आणि चौथ्या पिढीत ९३.७५ टक्के. चौथ्या पिढीतली जातिवंत दिसणारी घोडी पहिल्या भागात घ्यायला हरकत नाही. मूळ जनावरांसाठी पहिला भाग किती वर्षं खुला ठेवायचा ते आधीच ठरवून जाहीर करा. त्यानंतर तिथे फक्त नोंदलेल्या आई-बापांची शिंगरं आणि अशा चढत्या पिढ्यांतल्या घोड्या येतील.

तिसरी पायरी: नोंद कशी करायची

वेळ साधा. कोकणात उतरलेल्या वाड्यांमागे फिरण्यापेक्षा आषाढ ते आश्विन हा काळ उत्तम. त्या दिवसांत बहुतेक कुटुंबं आपल्या गावाच्या आसपास, कोरड्या पट्ट्यात असतात.

उंची घेताना जमीन सपाट आणि कडक हवी. देवळासमोरची फरसबंदी किंवा खळं चालेल. घोडी चारही पायांवर सरळ उभी, मान नैसर्गिक उंचीला. मान संपून पाठ सुरू होते तिथला खांद्यांमधला उंचवटा म्हणजे मोजायची जागा. पट्टी जमिनीपासून सरळ वर, आडवी काठी त्या उंचवट्यावर हलकेच टेकवलेली. घोडी अंग चोरते, म्हणून तीनदा मोजा आणि सरासरी लिहा. नाल असेल तर तसं नमूद करा. मग पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि पुढच्या पायाच्या नळीचा घेर घ्या. नळीचा घेर लोक टाळतात, पण ओझं वाहणाऱ्या जनावराच्या हाडाची जाडी त्यावरूनच कळते.

खुणांसाठी घोड्याची डावी-उजवी आकृती छापलेला कागद ठेवा. कपाळावरचा टिळा, पायांवरची पांढरी, जुन्या जखमांचे व्रण आणि केसांचे सगळे भोवरे त्यावर काढा. बाजारात भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवून भाव पाडले-चढवले जातात. नोंदणीत त्यांचं काम वेगळं आहे: त्यांच्या जागा जन्मभर बदलत नाहीत, म्हणून ते ओळखीसाठी खात्रीचे. डावी, उजवी, समोरची आणि मागची बाजू असे चार फोटो आणि चेहऱ्याचा एक.

चिप बसवायची तर ती पशुवैद्यकानेच, मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली मध्यावर. आंतरराष्ट्रीय मानकाची पंधरा आकडी चिप घ्या, म्हणजे ती त्या मानकाच्या कुठल्याही वाचकयंत्रावर वाचता येते. त्याच वेळी आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट होऊन ते खराब होतात. पाकिटावर चिपचा क्रमांक लिहा. आज डीएनए चाचणीला पैसे नसले तरी कोरड्या जागी ठेवलेले केस पुढे आई-बापाची खात्री करायला उपयोगी पडतात.

आणि मालकाच्या रकान्याशेजारी "घोडी सांभाळणारी व्यक्ती" असा रकाना ठेवा. वर सांगितलं तसं घोडी बहुतेक वेळा बाईच्या हातात असते आणि कागदावर मात्र तिचं नाव कुठेच येत नाही. पुढे बक्षीस, प्रशिक्षण किंवा विमा आला तर तो योग्य हातात जायला हा रकाना लागतो. कुटुंबाकडे प्लास्टिकच्या वेष्टनातलं खिशात मावणारं कार्ड द्या, कारण वाडा पावसापाण्यात फिरतो.

चौथी पायरी: पैदाशीचे घोडे मोजा

लहान संख्येच्या जातीत एकूण जनावरांच्या संख्येपेक्षा नरांचं आणि माद्यांचं प्रमाण सांभाळणं जास्त अवघड. प्रदर्शनात एक घोडा पहिला आला की सगळ्यांना त्याचंच शिंगरू हवं असतं, आणि तिथून जवळच्या नात्यातली पैदास सुरू होते. याचा हिशेब सोपा आहे. नर आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागा. १०० माद्यांना २ च नर घोडे लावले तर आनुवंशिक दृष्टीने तो कळप जेमतेम ८ जनावरांइतका ठरतो. १० घोडे लावले तर ३६, आणि २० लावले तर जवळपास ६७. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार हा आकडा ५०च्या खाली जाऊ नये. म्हणून दर शंभर माद्यांमागे निदान पंधरा-वीस वेगवेगळे, शक्यतो आपसात नातं नसलेले नर घोडे हवेत, आणि कुठल्याही एका घोड्याला वर्षाला किती घोड्या दाखवायच्या यावर मर्यादा हवी.

अडचण अशी की फिरत्या वाड्याला नर घोडा सांभाळणं परवडत नाही. तो इतर घोड्यांना त्रास देतो आणि त्याला वेगळा खुराक लागतो. तेव्हा घोडे गावात राहणाऱ्या मालकांकडे ठेवा आणि घोडी फळवायची फी संस्थेने भरा. घोडी साधारण ११ महिन्यांनी विते, म्हणजे फळवल्याची तारीख लिहिलेली असली तर शिंगरू त्याच घोड्याचं का, याचा पहिला पडताळा तारखेवरूनच होतो.

पाचवी पायरी: प्रदर्शन

मोठ्या जत्रेत एकदम उतरू नका. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणारा घोडेबाजार, अकलूजचा बाजार, लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबा यात्रा ही सगळी नामांकित ठिकाणं. पण तिथल्या रिंगणात उंच, नाचऱ्या मारवाडी घोड्याशेजारी भीमथडी उभा केला तर पाहणाऱ्याला तो खुजा वाटणार. आधी आपलं स्वतःचं छोटं प्रदर्शन भरवा, फक्त याच जातीचं. भाद्रपद-आश्विनात, वाडे घाटाकडे निघायच्या आधी. ठिकाण असं निवडा की घोड्या चालत येतील. टेम्पोचं भाडं पडलं की गरीब घरची घोडी येत नाही.

गट कोणते ठेवायचे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, कारण ज्याला बक्षीस मिळतं त्याचीच पैदास होते. माझ्या मते चार गट पुरेत: शिंगरासह घोडी, तीन वर्षांखालची जनावरं, पैदाशीचे घोडे आणि बिऱ्हाड वाहणारी घोडी. शंभर गुणांत खूर आणि पाय ३०, चाल २०, स्वभाव २०, बांधा २०, जातीची ठेवण १०. उंचीला गुण ठेवूच नका. वर्णनातल्या मर्यादेत आहे की नाही एवढंच बघा. उंचीला गुण दिले तर तुम्ही स्वतःच्या हाताने मारवाडी रक्ताला बोलावणं धाडलं.

बिऱ्हाडाच्या गटावर सगळ्यांत जास्त मेहनत घ्या. सांभाळणाऱ्या बाईनेच घोडी लादायची, कुणी धरायचं नाही. मग पाण्याचा ओहळ, खडकाळ चढ, गर्दीचा आवाज असा टप्पा पार करून परत यायचं आणि ओझं उतरवायचं. पाठीवर कुठे घासलंय का ते परीक्षकाने हात फिरवून पाहायचं. जुनी जखम असेल तर गुण कापा आणि पुढच्या वर्षी बरी करून आणायला सांगा. ओझ्याची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे: १९६५च्या ओझेवाहू जनावरांच्या नियमांत तट्टाला ७० किलो. त्याच नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे आणि पारा ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ जनावर कामाला लावायला बंदी आहे. तेव्हा हा गट सकाळी उरकून घ्या. लोखंडी काटेरी लगाम घालून आलेल्याला दारातच साधी मोरखी द्या आणि आत घ्या. परत पाठवू नका.

परीक्षक तीन: एक पशुवैद्यक, एक जाणता नालबंद आणि एक वयस्क मेंढपाळ बाई किंवा बुवा. गुणपत्रिका प्रत्येक मालकाला हातात द्या आणि का हरलात ते समजावून सांगा. बक्षीस रोख थोडं असलं तरी चालेल. त्याबरोबर वर्षभराचं जंतनाशक, धनुर्वाताची लस आणि नालबंदाच्या दोन फेऱ्या द्या.

ग्लँडर्सबाबत हयगय नको

शंभर घोडी एकत्र आली की रोगाचीही जत्रा भरते. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि २००९च्या प्राणी रोग कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. नाकातून घट्ट स्राव, नाकात व्रण, पायांवर-अंगावर गाठी ही लक्षणं. वरून निरोगी दिसणारं जनावरही रोग बाळगून असू शकतं. म्हणून प्रदर्शनाच्या पुरेसं आधी पशुसंवर्धन खात्यामार्फत सगळ्या घोड्यांचे रक्तनमुने घ्या. अंतिम खात्री हिसारला होते. बाधित ठरलेलं जनावर कायद्यानुसार दयामरणाने मारावं लागतं आणि त्याबद्दल भरपाईची तरतूद आहे. हे रक्त काढायच्या आधीच मालकाला सांगा. नंतर कळलं तर तो पुन्हा कधी तुमच्या वहीजवळ फिरकणार नाही, आणि त्याचा राग योग्यच असेल. प्रदर्शनात प्यायच्या पाण्याचं सामाईक टाकं ठेवू नका. ज्याची त्याची बादली.

सहावी पायरी: मोठ्या जत्रेत जायचं ते नोंदीसह

दोन-तीन छोटी प्रदर्शनं झाल्यावर सारंगखेड्याला किंवा अकलूजला वेगळा मांडव घ्या. सहा-आठ जनावरं पुरेत, पण प्रत्येकाचं कार्ड समोर लावलेलं: आई, बाप, मापं, काय काम करते. गिऱ्हाईक कोण हे आधी ओळखा. लहान मुलांना घोडेस्वारी शिकवणारे, डोंगरी भागात पर्यटन करणारे, लांब पल्ल्याच्या स्वारीची हौस असणारे यांना शांत स्वभावाचं, कमी खर्चात पोसलं जाणारं, मजबूत खुरांचं जनावर हवं असतं. बारामतीला जानेवारीत भरणाऱ्या कृषी प्रदर्शनासारख्या ठिकाणी शेतकरी कुटुंबं येतात; तिथे दिवसातून दोनदा घोडी लादून दाखवली तरी गर्दी थांबते.

पैसा

फेब्रुवारी २०२४मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश झाला. व्यक्ती, बचतगट, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना पैदास प्रकल्पासाठी ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाख रुपये. अर्ज अभियानाच्या उद्यमिमित्र पोर्टलवर होतो. जागा, बँक कर्ज आणि प्रकल्प अहवाल हे सगळं लागत असल्याने एकट्या फिरत्या कुटुंबाला ते झेपत नाही. उत्पादक कंपनी करून पैदाशीचे घोडे तिच्या नावावर ठेवले, तर चौथ्या पायरीतली अडचणही यातून सुटू शकते.

विक्री आणि शिंगरं

वही जिवंत राहते ती दोन सवयींवर. शिंगरू जन्मलं की महिन्याभरात फोनवर कळवायचं: तारीख, नर की मादी, रंग, आईचा क्रमांक. आईखाली आहे तोवरच फोटो आणि केसांचा नमुना घ्यायचा, कारण दूध तुटलं की कुणाचं कोण हे सांगणं कठीण. आणि जनावर विकलं की कार्ड जनावराबरोबर जायचं, मागच्या बाजूला विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, गाव आणि तारीख. नाव बदलायची फी ठेवू नका. मेलेल्या जनावराचं कार्ड परत मागवा, नाहीतर ते दुसऱ्याच घोडीच्या नावावर फिरत राहतं.